शीर सापडण्याआधी आणि सापडल्यानंतर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

आता वॉर्डात रक्त काढायला तुला एकट्याने पाठवणार, हे वाचून बरं वाटलं. तुझ्या पत्रातले जवळजवळ सगळे प्रश्न शिरेबद्दलचे आहेत: सापडली नाही तर काय, सरकली तर काय, पुन्हा टोचावं का. त्यांची उत्तरं पुढे आहेतच. पण शीर चुकली की ते लगेच सगळ्यांना दिसतं आणि कुणीतरी मदतीला धावतं. पेशंट चुकला, बल्बांचा (रक्त भरायच्या नळ्यांचा) क्रम चुकला, टर्निकेट (दंडाला आवळायचा पट्टा) जास्त वेळ राहिलं, तर त्या क्षणी काहीच दिसत नाही. मशीन समोर आलेलं सॅम्पल मुकाट्याने मोजतं, चुकीचा आकडा रिपोर्टवर स्वच्छ छापला जातो आणि त्यावर औषध ठरतं. लॅबमध्ये बसलेला माणूस कितीही हुशार असला, तरी खाटेजवळ झालेली चूक त्याला दुरुस्त करता येत नाही. म्हणून मी शिरेच्या आधीपासून सुरुवात करतो.

"तुम्ही अमुक-तमुकच ना?" असं कधीही विचारू नकोस. तापाने ग्लानीत असलेला, कमी ऐकू येणारा किंवा नुसताच घाबरलेला माणूस कशालाही "हो" म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा" असं विचार आणि ते रिक्वेस्ट फॉर्मशी व मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघ. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे, खाटा बदलतात. पेशंट बोलू शकत नसेल तर मनगटावरची पट्टी बघ आणि सिस्टरकडून किंवा नातेवाइकाकडून खात्री करून घे.

लेबल लावायची वेळ एकच: रक्त काढून झाल्यावर, पेशंटसमोर, तिथून हलण्याआधी. आधीच लेबल लावून ठेवलेला रिकामा बल्ब दुसऱ्याच्या रक्ताने भरला जाऊ शकतो, आणि बिनलेबलचे चार बल्ब ट्रेमध्ये घेऊन टेबलापर्यंत चालत गेलं की कुठला कुणाचा हे सांगता येत नाही. क्रॉसमॅचचं, म्हणजे चढवायचं रक्त जुळतं का हे बघायचं, सॅम्पल असं बदललं, तर चुकीच्या गटाचं रक्त चढून माणूस दगावू शकतो. इथे घाई करायची नाही, मागे कितीही मोठी रांग असो.

ओळख पटली की दोन-तीन प्रश्न विचार: पूर्वी रक्त देताना चक्कर आली होती का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, शेवटचं कधी खाल्लं. मग हात ठरव. ज्या बाजूचं स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या आहेत तो हात, डायलिसिसचा फिस्टुला (ऑपरेशनने जोडलेली शीर) असलेला हात, भाजलेली, सुजलेली किंवा काळीनिळी पडलेली जागा, हे सगळं टाळायचं. सलाइन चालू असलेला हातही नको. त्या सुईच्या वरून रक्त घेतलंस तर तू पेशंटचं रक्त आणि बाटलीतलं पाणी यांचं मिश्रण लॅबला पाठवतोयस: डेक्स्ट्रोज चालू असेल तर साखर भलतीच वर, हिमोग्लोबिन खाली. दुसरा हात वापरणं शक्यच नसेल, तर सिस्टरना सांगून सलाइन निदान २ मिनिटं बंद करून घे, सलाइनच्या सुईच्या खालच्या बाजूला टर्निकेट बांध, त्याच्याही खालून रक्त घे आणि तसं फॉर्मवर लिही.

टर्निकेट टोचायच्या जागेपासून चार बोटं वर, म्हणजे ७.५ ते १० सेंटिमीटरवर बांध, आणि एक मिनिटाच्या आत सोड. बांधलेल्या शिरेत दाब वाढतो, रक्तातलं पाणी हळूहळू बाहेर झिरपतं, आणि पेशी, प्रथिनं व प्रथिनांना चिकटलेलं कॅल्शियम मागे राहून दाट होतं. शीर शोधण्यातच मिनिट गेलं असेल तर टर्निकेट सोड, दोनेक मिनिटं थांब आणि मग पुन्हा बांध. पेशंटला मूठ नुसती मिटायला सांग. मूठ उघड-मीट करायला लावायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते, पण ती चुकीची आहे: हाताचे स्नायू राबले की त्यातून पोटॅशियम बाहेर पडतं आणि रिपोर्टमध्ये ते खोटंच वाढलेलं दिसतं.

आता शीर. ती डोळ्यांपेक्षा बोटाला नीट कळते. तर्जनीच्या टोकाने हलकं दाबून सोड. चांगली शीर दबते आणि लगेच उसळून वर येते. स्नायूबंध टणक दोरीसारखा लागतो, उसळत नाही. ठोके लागले तर ती रोहिणी (आर्टरी) आहे, तिथून बोट उचल. कोपराच्या खळगीत मधली मीडियन क्युबिटल शीर पहिली पसंती: ती मोठी असते, फारशी सरकत नाही आणि कमी दुखते. नंतर अंगठ्याच्या बाजूची सेफॅलिक. शरीराकडच्या बाजूची बॅसिलिक अगदी शेवटी, ती कितीही ठसठशीत दिसली तरी, कारण तिच्या आसपास ब्रेकियल रोहिणी आणि मज्जातंतू असतात. शीर येत नसेल तर हात खाली लोंबकळू दे, कोमट कापडाने शेक दे. चापट्या मारायच्या नाहीत.

७० टक्के अल्कोहोलने जागा पुसलीस की सुमारे ३० सेकंद वाळू दे. फुंकर घालू नकोस, पुन्हा बोट लावू नकोस. अल्कोहोल ओलं असताना टोचलं तर झोंबतं आणि रक्ताच्या पेशीही फुटू शकतात. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) असेल तर क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल वापर, बाटल्यांची रबरी टोपणंही पूस आणि मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलीलीटर रक्त घे. कमी रक्तात जंतू असूनही सापडत नाहीत.

मोठ्या माणसाला साधारण २१ नंबरची सुई, बारीक शिरेला २३ नंबरचं बटरफ्लाय (पंख आणि लवचीक नळी असलेली बारीक सुई). टोचायच्या जागेच्या खाली दोन-चार सेंटिमीटरवर डाव्या अंगठ्याने कातडी खाली ताणून धर. शीर सरकते ती या ताणाअभावी. तर्जनी जागेच्या वर ठेवून दोन बोटांत कातडी ताणू नकोस, सुई घसरली तर तुझ्याच बोटात जाईल. सुईचं तिरकं तोंड वर, कोन १५ ते ३० अंश, आणि एका सलग हालचालीत आत. भीत भीत, थांबत थांबत टोचलं तर जास्त दुखतं. शिरेत शिरताना विरोध अचानक कमी झाल्यासारखा लागतो, तिथे थांब.

रक्त आलं नाही तर सुई किंचित पुढे ने किंवा किंचित मागे घे. तरीही नाही आलं तर बल्ब बदलून बघ, त्यातलं व्हॅक्यूम (रक्त ओढून घेणारी पोकळी) गेलेलं असू शकतं. आत सुई फिरवून शीर धुंडाळायची नाही. दोनदा जमलं नाही तर वरिष्ठांना बोलव. यात कमीपणा नाही, तो पेशंटचा हक्क आहे. बोटांपर्यंत करंट बसल्यासारखी कळ गेली असं पेशंट म्हणाला, तर मज्जातंतूला धक्का लागला आहे. "झालंच, थोडं थांबा" म्हणायचं नाही. टर्निकेट सोड, सुई बाहेर काढ, झालेलं लिहून ठेव. लालभडक रक्त उसळत आलं तर रोहिणी लागली आहे: सुई काढून निदान ५ मिनिटं स्वतःच्या हाताने घट्ट दाबून धर आणि डॉक्टरांना कळव. सुईच्या भोवती फुगायला लागलं, तरी तिथलं काम संपलं.

बल्बांचा क्रम मात्र पाठच कर: आधी कल्चर, मग निळा सायट्रेट, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा हेपॅरिन, मग जांभळा ईडीटीए, शेवटी राखाडी फ्लोराइड (रंग टोपणाचा, नाव आतल्या रसायनाचं). जांभळ्या बल्बातला ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतो आणि तो कॅल्शियम पकडून ठेवतो. त्याचा अंश पुढच्या बल्बात गेला की पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं येतं. पेशंट आरामात बसलेला आणि रिपोर्ट मात्र आयसीयूत हलवण्याजोगा. म्हणूनच एका बल्बातलं रक्त दुसऱ्यात ओतून "भरती" कधीही करायची नाही. निळा बल्ब खुणेपर्यंत भरलाच पाहिजे: त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण आहे. कमी भरला की सायट्रेट जास्त होतं, पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटाच लांबतो आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा डोस चुकीचा ठरू शकतो. बटरफ्लायने काढताना निळा बल्ब पहिला असेल, तर नळीतली हवा आधी एका फेकायच्या बल्बात जाऊ दे. भरलेला प्रत्येक बल्ब लगेच सावकाश उलटसुलट कर: निळा ३-४ वेळा, हिरवा, जांभळा आणि राखाडी ८-१० वेळा. गदागदा हलवायचा नाही. पेशी फुटल्या की पोटॅशियम आणि पेशींतली एलडीएच, एएसटी ही एन्झाइम्स वाढलेली दिसतात आणि सॅम्पल "हिमोलाइज्ड" (पेशी फुटलेलं) म्हणून परत येतं. सिरिंजने घेतलंस तर दट्ट्या हळू ओढ, आणि बल्बात भरताना वरून दाबू नकोस. व्हॅक्यूमला हवं तेवढं ते ओढून घेतं. बल्ब तेव्हा हातात नव्हे, स्टँडमध्ये असावा.

सुई काढण्याआधी टर्निकेट सुटलेलं असलंच पाहिजे, नाहीतर रक्त कातडीखाली पसरून निळी गाठ येते. सुई बाहेर आल्यावर कोरडा कापूस दाब. आत असताना दाबलास तर ती शिरेला चिरते. हात सरळ ठेवून दोन-तीन मिनिटं दाबायला सांग, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर जास्त. कोपर दुमडून ठेवायला सांगू नकोस, कापूस जागेवरून सरकतो आणि गाठ येते. पेशंट पांढरा पडला, घामेजला, तर आधी सुई काढ, मग त्याला आडवं करून पाय वर घे. उभ्या माणसाचं रक्त कधीच काढायचं नाही.

सॅम्पल ट्रेमध्ये पडून राहू देऊ नकोस. साध्या बल्बात, खोलीच्या तापमानाला, पेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर खाऊन टाकतात.

आता तुझ्या स्वतःबद्दल. प्रत्येक पेशंटला नवे हातमोजे. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही; शार्प्सचा डबा हाताशी ठेव आणि सुई थेट त्यात टाक. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद कर. काठोकाठ भरलेल्या डब्यात सुई कोंबताना ती टोचते. टोचलीच तर बोट पिळत बसू नकोस, साबण-पाण्याने धू आणि त्याच क्षणी वरिष्ठांना सांग. एचआयव्हीबाधित रक्ताच्या सुईने संसर्ग होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के आहे, पण प्रतिबंधक औषधं पहिल्या काही तासांत सुरू झाली तरच खरा उपयोग, आणि ७२ तासांनंतर ती सुरू करत नाहीत. लाजून किंवा रागावतील म्हणून लपवलंस तर हे तास हातचे जातात. हिपॅटायटिस बीचा धोका लस न घेतलेल्याला याहून कितीतरी मोठा: ६ ते ३० टक्के. लसीचे तीन डोस असतात, ०, १ आणि ६ महिन्यांना, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासायची. ती मिलीलीटरमागे १० मिली-युनिटच्या वर हवी. तुझे तिन्ही डोस झालेत का आणि तपासणी केली आहे का, हे मला उलट टपाली कळव. राहिलं असेल तर वॉर्डात जायच्या आधी पहिला डोस घे.

तुझा,
काका