डायलिसिसवरच्या माणसाला साथीच्या दिवसांत फोन करताना

प्रिय,

डायलिसिसच्या रुग्णांची फोनयादी हातात आल्यावर तुझा पहिला प्रश्न होता, "यांना धीर कसा देऊ?" साथीच्या काळात या माणसांची भीती खरी असते आणि बऱ्याचदा ती मरणापेक्षा उपचार तुटण्याची असते. म्हणून आधी उपचाराची घडी नीट बसवून द्यायची. मनाचं बोलणं त्यानंतर जमतं, त्याआधी ते पोकळ वाटतं.

२०२० साल आठव. रोजच्या सरकारी पत्रकात मृतांपैकी किती जणांना मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयरोग असे 'अतिजोखमीचे आजार' होते, ते सांगितलं जायचं. धडधाकट माणसाला त्या वाक्याने हायसं वाटायचं. त्याच टीव्हीसमोर बसलेल्या रुग्णाला मात्र ते आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटायचं, आणि घरातलं कोणी मान वळवून त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. अशा माणसाला "काही होत नाही हो, घाबरू नका" असं कधीही म्हणू नकोस. त्याला आपला धोका तुझ्याहून जास्त कळतो. "भीती वाटणं बरोबर आहे. यातलं आपल्या हातात काय आहे ते बघू," एवढं म्हण आणि थेट कामाला लाग.

कामाचे प्रश्न असे: पुढचं डायलिसिस कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत? जायचं कशाने? गाडी आली नाही तर दुसरं कोण? नेहमीचं केंद्र बंद पडलं तर दुसरं कोणतं, आणि तिथे आपली फाइल दाखवली आहे का? गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात? दहा दिवसांच्या उरल्या की पुढच्या महिन्याच्या आणायच्या, हा नियम घरात एका माणसाकडे सोपवून दे. हे सगळं कागदावर लिहून फ्रिजवर किंवा देवघराशेजारी चिकटवायला सांग. २०२० मध्ये एसटी थांबली, एखाद्या केंद्रात कोणी बाधित निघालं की बाकीच्यांना दार बंद व्हायचं, काही ठिकाणी आधी निगेटिव्ह रिपोर्ट मागायचे. ज्यांच्याकडे दुसरा पर्याय नव्हता त्यांची झोप तिथेच उडाली. त्या झोपेवर समुपदेशनाने काही होणार नव्हतं, त्यांना गाडी हवी होती.

काही जण संसर्गाच्या भीतीने डायलिसिसच चुकवतात. आठवड्यातून दोनतीनदा, चार-चार तास दहा माणसांच्या हॉलमध्ये बसायचं, तेव्हा ही भीती समजण्यासारखी आहे. पण हिशोब स्पष्ट मांड. मास्क नीट लावून, जेवणखाण घरी करून, गर्दीच्या प्रतीक्षागृहाऐवजी बाहेर थांबून संसर्गाचा धोका कमी करता येतो. चुकलेल्या डायलिसिसने रक्तात वाढणारं पोटॅशियम आणि फुप्फुसात साठणारं पाणी मात्र घरी बसून कमी होत नाही.

पाण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण मन आणि शरीर इथे एकमेकांत गुंतलेलं असतं. डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर ठरवून दिलं असेल तर सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवायची. कपभर चहा घेतला की बाटलीतलं तेवढंच पाणी कुंडीत ओतायचं. वाटीभर ताक, आमटी, औषधाचा घोट, सगळं याच हिशोबात. संध्याकाळी बाटलीत किती उरलं ते डोळ्यांना दिसतं. घरात कोंडल्यावर दिवसभर चहा चालतो, लोणचं-पापडाने तहान वाढते, आणि एक लिटर जादा म्हणजे काट्यावर एक किलो जादा. त्यात शेजारपाजारचे प्रेमाने 'इम्युनिटी'साठी काढा, नारळपाणी, संत्री पाठवतात. पोटॅशियममुळे नारळपाणी यांना घातक ठरू शकतं. पण नाही म्हटलं तर माणूस हेकट ठरतो. म्हणून त्याला एक वाक्य तयार करून दे: "डॉक्टरांनी मोजून दिलंय हो." यापुढे समजावत बसायची गरज नाही. सगळंच हाताबाहेर गेलेलं असताना ती बाटली त्याच्या हातात असते, आणि याचं मोल फार आहे.

कोणी "श्वास लागतोय, बहुतेक घाबरल्यामुळे" म्हणालं तर लगेच दीर्घ श्वसन शिकवू नकोस. ही चूक नवीन माणसाकडून हमखास होते. आधी विचार: आडवं झाल्यावर वाढतो का? मागच्या डायलिसिसनंतर वजन किती वाढलं? पायाला सूज? ताप? ऑक्सिमीटर फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्या हाताच्या बोटाला लावायचा, नेलपॉलिश काढून, बोट गार असेल तर चोळून, हात न हलवता मिनिटभर. ९४ च्या खाली आकडा, किंवा झोपल्यावर वाढणारा दम, म्हणजे फोन ठेवून केंद्राला आणि १०८ ला कळवायचं. आकडा चांगला असला तरी दम वाढत असेल तर तेच करायचं. हे सगळं नाही म्हणून ठरलं, मगच घाबरण्याबद्दल बोल.

फोन डायलिसिस नसलेल्या दिवशी कर. डायलिसिसच्या दिवशी सुया काढून घरी आलेला माणूस गळून गेलेला असतो. बोलणं रुग्णाशीच व्हावं, मुलगा किंवा सूनबाई त्याच्या वतीने उत्तरं देत राहिली तरी. एका खोलीच्या घरात सगळे ऐकत असतात, तेव्हा आधी विचार, "आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?" नसेल तर हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असे प्रश्न कर. थकवा, कमी झोप, मंदावलेली भूक यावरून नैराश्य ठरवू नकोस, ते डायलिसिसनेही येतं. दोन गोष्टी विचार: गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास, हताश वाटलं? आवडीच्या गोष्टीतला रस किती दिवस गेला होता? 'जवळजवळ रोज' किंवा 'निम्म्याहून जास्त दिवस' असं उत्तर आलं तर डॉक्टरांना कळव.

"आता हे डायलिसिसच बंद करावं वाटतं" हे वाक्य कधीतरी येणारच. घाईने समजूत काढू नकोस. त्यामागे पैसा आहे, थकवा आहे, मुलांवर ओझं झाल्याची बोच आहे, की मरण्याचा विचार आहे, ते वेगळं करून घे. सरळ विचार, "जीव संपवावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर फोन ठेवायचा नाही, घरातल्या कोणाला तरी त्याच्याजवळ बसवायचं, गोळ्या आणि इन्सुलिन त्याच्या हातापासून दूर ठेवायला लावायचं, आणि पुढची व्यवस्था लागेपर्यंत बोलत राहायचं. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आता चोवीस तास चालतो.

घरच्यांशीही दोन शब्द बोल. काळजीपोटी त्याचं ताट दाराबाहेर सरकवलं जातं, नातवंडांना लांब ठेवतात. अंतर पाळू दे, पण काम काढून घेऊ नका म्हणावं. तांदूळ निवडणं, वाण्याचा हिशोब, नातीचे पाढे फोनवरून घेणं, काहीही चालेल. बातम्या दिवसातून एकदाच, आणि झोपायच्या आधी नाही.

'अतिजोखमीचा' या शब्दाची दुसरी बाजूही सांगत जा. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयातल्या ठरावीक आजारांच्या लोकांना डॉक्टरांच्या दाखल्यावर लस मिळू लागली, आणि त्या यादीत डायलिसिसचे रुग्ण होते. त्याच शिक्क्यामुळे हक्काने मागता येणाऱ्या गोष्टी असतात. पुढच्या वेळी त्या कोणत्या आहेत ते आधी शोधून ठेव.

फोन संपला की लगेच तीन ओळी लिही: वजन, गोळ्यांचे उरलेले दिवस, आणि त्याने स्वतःहून काढलेला विषय. पुढच्या वेळी सुरुवात त्या तिसऱ्या ओळीपासून कर. आणि गुरुवारी अकराला करते म्हणालीस तर सांगण्यासारखं काही नसलं तरी गुरुवारी अकरालाच कर. तिकडे फोन उशाशी घेऊन कोणीतरी साडेदहापासून बसलेलं असतं.

तुझी,
ताई