बायप्लेन रेसिंगमध्ये असा कोण पायलट आणि बिल्डर होऊन गेला ज्याचं नाव आज कोणी घेत नाही?

माझं उत्तर मॅटी लेअर्ड. पूर्ण नाव एमिल मॅथ्यू लेअर्ड, शिकागोचा. तुम्ही पायलट आणि बिल्डर दोन्ही असलेला माणूस विचारलाय आणि हा खरंच दोन्ही होता.

मी अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला नोकरीला होतो तेव्हा एका रविवारी मुलाला घेऊन विंडसर लॉक्सच्या न्यू इंग्लंड एअर म्युझियमला गेलो होतो. गेलो होतो गी बी बघायला, ते पिंपासारखं गुटगुटीत लाल-पांढरं रेसर, विमानांचं वेड असलेल्या सगळ्यांना ते माहीत असतं. तिथेच एक लहानसं बायप्लेन दिसलं, म्हणजे एकावर एक दोन पंख, मध्ये तारा, आणि पाटीवर नाव लेअर्ड सोल्यूशन. विमानाचं नाव सोल्यूशन का ठेवलं असेल असं मुलाने विचारलं, मला सांगता आलं नाही, मग घरी येऊन जे वाचायला बसलो ते पुढे कित्येक महिने वाचतच होतो.

गोष्ट अशी आहे. 1929 ला क्लीव्हलंडच्या शर्यतीत ट्रॅव्हल एअर कंपनीने एक विमान आणलं, गुपचूप बनवलेलं म्हणून त्याला मिस्टरी शिप म्हणायला लागले. एकच पंख, आणि त्या खाजगी विमानाने आर्मी-नेव्हीच्या लढाऊ विमानांना मागे टाकलं. आता बायप्लेनचे दिवस संपले असं लोक म्हणायला लागले. लेअर्ड मात्र पक्का बायप्लेनवाला, त्याने 1930 ला आपलं विमान बनवलं आणि त्याला नाव दिलं सोल्यूशन, म्हणजे मिस्टरीचं उत्तर!! आणि गंमत म्हणजे ट्रॅव्हल एअरचे वॉल्टर बीच आणि लॉइड स्टिअरमन दोघेही आधी विचिटा शहरात लेअर्डच्याच कारखान्यात कामाला होते. बीचच्या पुढच्या विमान कंपनीचं, बीचक्राफ्टचं, नाव आज सगळ्यांना माहीत असतं, ज्याच्याकडे बीच काम करत होता त्याचं मात्र कोणाला माहीत नसतं, मला याचं खरंच वाईट वाटतं.

सोल्यूशन तयार झालं ते 1 सप्टेंबर 1930 ला, म्हणजे शर्यतीच्याच दिवशी. पहिलं टेस्ट फ्लाइट त्याच दिवशी, जेमतेम काही मिनिटांचं, आणि लगेच शिकागोजवळ थॉम्पसन ट्रॉफीच्या स्टार्टला, म्हणजे पायलन नावाच्या उंच खांबांना वळसे घालत फेऱ्या मारायची शर्यत. 5 मैलांच्या 20 फेऱ्या, चालवायला होल्मन, टोपणनाव स्पीड. इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचं वास्प ज्युनिअर, साधारण 300 हॉर्सपॉवर. होल्मन जिंकला, सरासरी ताशी 201.91 मैल, म्हणजे 325 किलोमीटर, आणि दुसरी आली मिस्टरी शिप. खरं सांगायचं तर बराच वेळ पुढे होता अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलाचा कॅप्टन आर्थर पेज, पण एक्झॉस्टच्या धुराने कॉकपिटमध्ये त्याची शुद्ध हरपत गेली आणि सतराव्या फेरीत त्याचं विमान कोसळलं, तो वाचला नाही. त्यामुळे लेअर्डचा हा विजय नशिबाचा असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. दिवसभरापूर्वी जे विमान उडालंही नव्हतं ते शंभर मैल फुल थ्रॉटलवर पळालं आणि त्यात काही तुटलं नाही, सुटलं नाही, याला नशीब कसं म्हणायचं. थॉम्पसन ट्रॉफी जिंकलेलं हे एकमेव बायप्लेन आहे, त्याच्या आधीही नाही आणि नंतरही नाही.

आता तुम्ही म्हणाल दोन पंख म्हणजे हवेचा अडथळा जास्त, मग जिंकलं कसं. तर त्या काळी पातळ एकच पंख मजबूत ठेवायचा तर त्यालाही बाहेरून तारा लागायच्याच, म्हणजे अडथळा तिथेही होताच. आणि दोन आखूड पंखांत एरिया भरपूर मिळतो, लांबी कमी राहते, त्यामुळे पायलनभोवती घट्ट वळता येतं. लेअर्डला हे हाताने माहीत होतं, कॉलेजात शिकून नाही. तो शिकागोच्या एका बँकेत ऑफिस बॉय होता, 1910 ला 14 वर्षांचा असताना वॉल्टर ब्रुकिन्सला राइट बंधूंचं विमान शहरावरून उडवताना बघितलं आणि तिथून वेड लागलं. विमान स्वतः बनवलं, उडवायला स्वतःच शिकला, शिकवायला कोणी नव्हतं. त्याचं 1915 चं बोनशेकर, नावातच हाडं खिळखिळी करणारं, पायलट कॅथरीन स्टिन्सन एअर शोमध्ये उडवायची, ते आज हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आहे. 1917 ला सॅन अँटोनिओला मोठा अपघात झाला, बराच काळ हॉस्पिटलात काढला, आणि तिथून उठून 1920 ला विचिटात स्वॅलो बनवलं, स्वॅलो म्हणजे आपली भिंगरी. विचिटाला पुढे विमानांची राजधानी म्हणायला लागले त्याची सुरुवात इथून झाली असं माझं स्पष्ट मत आहे. भागीदाराशी पटलं नाही, 1923 ला परत शिकागो, स्वतःची कंपनी.

1931 ला सुपर सोल्यूशन. पायलट जिमी डूलिटलने ते कॅलिफोर्नियातल्या बरबँकहून क्लीव्हलंडला नेलं आणि पहिलीच बेंडिक्स ट्रॉफी, म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत, जिंकली, सरासरी ताशी 223 मैल. मग तेल भरून तसाच पुढे पूर्व किनाऱ्यावर नेवार्कला. अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत 11 तास 16 मिनिटं, 12 तासांच्या आत पहिल्यांदाच. आणि आधीचा रेकॉर्ड कशाचा होता? फ्रँक हॉक्सचा, मिस्टरी शिपमधला!

होल्मन त्याच वर्षी मे महिन्यात ओमाहाच्या शोमध्ये लेअर्डचंच विमान जमिनीलगत उलटं चालवताना गेला. 1932 ला सुपर सोल्यूशनला आत ओढता येणारी चाकं बसवली, विचिटात ती बाहेर आलीच नाहीत, डूलिटलला पोटावर उतरवावं लागलं. त्याला काही झालं नाही, पण विमान बेंडिक्सला जाऊ शकलं नाही आणि त्याने गी बी घेतलं, त्यावर थॉम्पसन जिंकला आणि फोटो सगळे गी बीचे. लेअर्ड मागे पडला तो इथे, असं मला वाटतं. पुढे पायलट रॉस्को टर्नरने 1938 आणि 1939 ची थॉम्पसन जिंकली तेही विमान कॅलिफोर्नियात सुरू होऊन लेअर्डच्या शॉपमध्ये बदलून पूर्ण झालेलं, 38 ला ताशी 283 मैल, पण लोक टर्नरचं विमान म्हणतात. ते बायप्लेन नव्हतं हे खरं, पण हात तेच होते.

अमेरिकेतल्या रीनोच्या विमानशर्यतींत 1964 पासून 2023 पर्यंत बायप्लेन क्लास होता, तिथेही घरच्या गॅरेजमध्ये विमान बनवून स्वतःच रेसला आणणारी माणसं होती, त्यातल्या कोणाचं नाव तुम्हाला दुसऱ्या उत्तरात मिळेल. पण मला कोणी विचारलं तर मी आधी लेअर्डच सांगणार. 1982 पर्यंत होता, 87 वर्षांचा होऊन गेला.

कधी कनेक्टिकटला गेलात तर सोल्यूशनच्या शेजारी दोन मिनिटं उभे राहा. कॉकपिट पंखांच्या बरंच मागे आहे ते बघा, आणि दोन पंखांमधल्या तारा बघा. माझा मुलगा त्या मोजत बसला होता, मी त्याला दोनदा हाक मारली तरी हलला नाही.