बटलरसारख्या छोट्या कॉलेजकडे एवढं मोठं हिंकल फील्डहाउस कसं आलं?

अमेरिकेतलं इंडियाना राज्य म्हणजे बास्केटबॉलचं वेड, हे त्याचं मूळ. इंडियानापोलिसमधलं हे इनडोअर मैदान 1928 साली उघडलं, तेव्हा त्यात सुमारे 15,000 माणसं मावत. कॉलेजच्या मानाने हा पसारा अवाढव्यच, पण राज्याच्या शाळांच्या अंतिम स्पर्धाही तिथेच होत, त्यामुळे जागा भरायची. पुढची वीसेक वर्षं ते अमेरिकेतलं सर्वात मोठं बास्केटबॉल मैदान होतं.

सुरुवातीला कोर्ट पूर्व-पश्चिम होतं, 1933 मध्ये ते उत्तर-दक्षिण फिरवलं. दुसऱ्या महायुद्धात तिथे सैनिकांची राहायची सोय केली होती.

खरी गंमत 1954 ची. मायलन नावाच्या खेड्यातली, जेमतेम 161 विद्यार्थ्यांची शाळा अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रलसमोर. चौथ्या सत्रात मायलनचा बॉबी प्लम्प चार मिनिटांहून जास्त वेळ चेंडू हातात धरून नुसता उभा! शेवटी त्यानेच अखेरच्या क्षणी बास्केट मारली; 32-30. (आजच्या नियमांत असा वेळकाढूपणा चालला असता का, देव जाणे.)

1966 मध्ये बटलरचे प्रशिक्षक टोनी हिंकल यांचं नाव मैदानाला दिलं. बास्केटबॉलचा चेंडू नारिंगी झाला तोही त्यांच्याच खटपटीमुळे. नूतनीकरणानंतर आता आसनं नऊ हजारांच्या आसपास आहेत.