कालव्याच्या शेवटाला वायंगण लावावं का?

प्रश्न: आमची शेतं कालव्याच्या शेवटच्या चारीवर आहेत. पहिली दोन आवर्तनं मिळतात, मार्चमध्ये पाणी पोचत नाही. यंदा वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, लावावा का? शेताजवळून वहाळ (ओढा) जातो. त्यावर बंधारा घातला तर भागेल का?

उत्तर: मार्चच्या पाण्याची खात्री नसेल तर वायंगण लावू नका. जानेवारीत लावलेला भात मार्चमध्ये पोटरीवर (लोंबी बाहेर पडण्याआधी) आणि फुलोऱ्यात असतो. त्याच वेळी शेत सुकलं तर लोंब्या पळिंज, म्हणजे दाणा न भरलेल्या, राहतात आणि तोवर बियाणं, खत, मजुरी सगळा खर्च होऊन गेलेला असतो. उन्हाळी भाताला सुमारे 1,200 मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी 1 कोटी 20 लाख लिटर. जांभ्याच्या निचऱ्याच्या जमिनीत त्याहूनही जास्त.

त्यापेक्षा खरिपाची कापणी होताच, जमिनीत ओल असेपर्यंत वाल, चवळी किंवा कुळीथ पेरा. वालाला फुलोऱ्यात एक आणि शेंगा भरताना एक पाणी मिळालं तरी पीक हाती लागतं. शेत मेपर्यंत पडीक ठेवून कडधान्य बाजारातून आणायचं, हे आपल्याला परवडणारं नाही.

बंधाऱ्याचं पाणी आधी मोजा. एका गुंठ्याला 5 सेंटिमीटरच्या पाळीसाठी सुमारे 5,000 लिटर लागतात. बंधाऱ्यामागे 80 मीटर लांब, सरासरी 4 मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल पाणी थांबलं तर साठा 1,60,000 लिटर होतो. म्हणजे 10 गुंठ्यांच्या तीन पाळ्या. तेवढ्यात वाल भागतो, भात नाही. वहाळ वाहता असेल तर साठा पुन्हा भरतो, म्हणून वनराई बंधारा (माती-वाळूच्या पोत्यांचा तात्पुरता बांध) ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात घाला. जानेवारीत घातलेल्या बंधाऱ्यामागे अडवायला पाणीच नसतं.

काठ पक्के आणि तळाशी कातळ असलेली जागा निवडा. तळातली वाळू, पालापाचोळा कठीण थर लागेपर्यंत काढा. बहुतेक बंधारे खालूनच गळतात. सिमेंटची रिकामी पोती पाऊणच भरून सुतळीने शिवा. ठासून भरलेलं पोतं गोल होतं आणि फटी राहतात. विटांसारखे सांधे मोडत, अर्धा मीटर अंतर सोडून दोन भिंती रचा, मध्ये चिकणमाती तुडवून भरा. दोन्ही टोकं काठात अर्धा मीटर घुसवा. उंची मीटर-सव्वा मीटरवर नेऊ नका, आणि मध्यभागी एक थर कमी ठेवा, नाहीतर जादा पाणी काठ कापून जाईल. पावसाआधी पोती काढा.

कालव्याचा हक्कही सोडू नका. पाण्यासाठी नमुना नंबर 7 चा अर्ज मुदतीत भरा. 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थेला पाणी मोजून मिळतं. संस्था असेल तर शेजपाळी, म्हणजे शेतागणिक पाणी द्यायचा क्रम, शेवटाकडून माथ्याकडे चालवण्याचा आग्रह सभेत लेखी धरा.

कालव्याच्या माथ्याकडच्या, पाणी पोचणाऱ्या वायंगणवाल्यांनी खेकड्यांची बिळं दर आठवड्याला चिखलाने बुजवावीत. एका बिळातून रात्रभरात अख्खी खाचर रिकामी होते. पोटरी आणि फुलोरा सोडून शेतात सतत पाणी साठवायची गरज नाही. 5 सेंटिमीटर पाणी द्या, ते जिरून केसासारख्या भेगा दिसल्या की पुढची पाळी द्या. वाचलेलं पाणी खालच्या चारीला जातं.

खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीतल्या, विहिरींवर पंप सलग चालवू नका. उपसा वाढला की खाडीचं खारं पाणी आत शिरतं. पाणी मचूळ लागू लागलं की ते वालाला अजिबात देऊ नका. आधी पानांच्या कडा करपतात, मग फूल गळतं.