अश्दोदला येताना मासळीचं काय?

तू विचारलंस, "आत्या, आम्ही इस्राएलला, अश्दोदला यायचं ठरवतोय. घर पूर्ण कोशर ठेवायचं तर मासे कुठले घ्यायचे? आपले मासे मिळतील का?" मुलं मासळीवरच वाढलीत, तेव्हा तुझी काळजी मला कळते.

कोशरचा, म्हणजे आपल्या यहुदी धर्मातल्या खाण्यापिण्याचा, नियम तोच, जो तुझ्या आजीने पेणच्या बाजारात जन्मभर पाळला: माशाला पर हवेत आणि खवलंही हवीत. तोराहमध्ये, म्हणजे आपल्या धर्मग्रंथात, लेवीयच्या ११व्या अध्यायात तेवढंच म्हटलंय. सुरमई, रावस, बांगडा, जिताडा चालतात. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, माकूल, मुशी, शिंगाळा नाही. गाबोळीसुद्धा खवल्याच्या माशाचीच. तिकडे आपल्यातही कुणी कुणी कोळंबी खातात, पण कोशर घर मांडायचं तर सुकट, जवळा सामानात नको.

आपल्या बेने इस्राएल लोकांना धर्म शिकवणाऱ्या दाविद राहाबींची गोष्ट तू ऐकली असशीलच. कोकणात आल्यावर त्यांनी आपल्या बायकांपुढे सगळ्या जातीची मासळी ठेवली, आणि बायकांनी खवल्यांची तेवढी निवडून घेतली. त्यावरून आपण यहुदी आहोत हे त्यांनी ओळखलं, असं घराघरात सांगतात. इथे बाजारात तीच नजर लागते.

मी पहिल्याच महिन्यात चुकले. एका दुकानातून सोललेल्या पांढऱ्या तुकड्या आणल्या, हळद-मीठ लावून ठेवल्या. सासूबाईंनी विचारलं, "खवलं बघितलीस?" कातडीच नव्हती, बघणार काय? सगळं टाकावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मला घेऊन गेल्या. अख्खा मासा हातात घेतला, शेपटीकडून अंगठ्याचं नख उलटं फिरवलं. एक खवलं सुटून नखावर आलं, खाली कातडी शाबूत. कातडी न फाटता सुटतं तेच खवलं धरायचं. तेव्हापासून मी अख्खाच मासा घेते आणि समोर कापून घेते. तुकड्या घ्यायच्याच तर "इम ओर", म्हणजे कातडीसकट, असं सांग. दुकानाचं कोशर प्रमाणपत्र बघ. ते नसेल तर सुरी आणि फळी धुऊन घ्यायला लाव, कारण त्याच फळीवर कोळंबीही साफ होत असते. सांगायला अजिबात लाजू नकोस.

पापलेट, सुरमई इथे रोज समोर येत नाहीत. बुरी मात्र भरपूर, तीच आपली बोय. देनिस आणि लाव्राक हे इथले मासे तळायला उत्तम. नाईलची राजकन्या म्हणून एक मासा मिळतो, तो जिताड्याचा भाऊबंद. कालवणाला मला तोच आवडतो, पण बहुतेक सोललेला येतो, म्हणून पाकिटावरचा कोशर शिक्का बघूनच घे.

मासळीला मटणासारखा शोखेत, म्हणजे धर्माच्या रीतीने जनावर कापणारा, लागत नाही, मीठ लावून रक्त काढावं लागत नाही. ती पार्वे, म्हणजे ना मांसात ना दुधात. नारळाचं दूधही पार्वे, त्यामुळे आपलं कालवण जसंच्या तसं होतं. मासे आणि मटण मात्र एका ताटात वाढायचे नाहीत. मध्ये पाणी पिऊन, ताट बदलून घ्यायचं. दही-दुधाबरोबर मासे आमच्याकडे खात नाहीत. अश्केनाझी, म्हणजे मूळचे युरोपातले यहुदी, शेजारी खातात. तुमच्या सिनेगॉगचा रिवाज विचारून घे.

आमसूल, तिरफळ इथल्या भारतीय दुकानांत बघता येईल, त्यासाठी बॅग भरू नकोस. विळी मात्र आण, नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत. बुरी साफ करायला मला अजून तीच लागते.