पर्सनल कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या काळातला कोणता इंजिनिअर ॲपलच्या जॉब्ज-वॉझनिॲकइतका प्रसिद्ध व्हायला हवा होता?

माझं मत चक पेडलला. नाव ऐकलं नसेल, पण ऐंशीच्या दशकात सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून तुमच्या शाळेत बीबीसी मायक्रो हा कॉम्प्युटर आला असेल, तर तुम्ही ‘बेसिक’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलात ते त्याच्या 6502 या चिपवर. मीही त्यातलाच.

पेडल मोटोरोलात 6800 या मायक्रोप्रोसेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपवर, काम करायचा. लॅबमध्ये बसून राहणारा गडी नव्हे. चिप समजावून द्यायला गिऱ्हाइकांकडे फिरायचा. सगळीकडे तेच ऐकू येई: माल झकास, पण 300 डॉलर कोण मोजणार? म्हणून त्यानं 25 डॉलरच्या चिपचा धोशा लावला. वरिष्ठांनी लेखी कळवलं, हे काम बंद करा. 1974 मध्ये काही सहकाऱ्यांना घेऊन तो पेनसिल्व्हेनियातल्या मॉस टेक्नॉलॉजी या चिप बनवणाऱ्या कंपनीत गेला. तिथे घडली ती 25 डॉलरची 6502.

एवढी स्वस्ताई जमली कशी? तेव्हा सिलिकॉनच्या एका चकतीवरच्या बहुतेक चिप बाद व्हायच्या आणि त्यांचा खर्च चांगल्या चिपांवर पडायचा. चिपची नक्षी चकतीवर छापायच्या साच्यातले (मास्क) दोष दुरुस्त करण्याची हातोटी मॉसकडे होती, त्यामुळे चांगल्या चिप कितीतरी जास्त निघत. शिवाय नको ते काढून टाकून चिप लहान केली. यात त्याच्यासोबत आलेल्या बिल मेन्शचा वाटा मोठा आहे, सगळं श्रेय पेडलला देऊ नये.

सप्टेंबर 1975, सॅन फ्रान्सिस्को, वेस्कॉन हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन. तिथे विक्रीला मनाई, म्हणून जवळच्या हॉटेलात खोली घेऊन बरणीतून चिप विकल्या, 25 डॉलरला एक! बरणीत तळाशी बाद चिप भरल्या होत्या, उत्पादन जोरात आहे असं भासवायला. (इंजिनिअरच्या अंगात थोडा दुकानदार असावा तो असा.) गिऱ्हाइकांत वॉझनिॲकही होता. ॲपल 1 आणि ॲपल 2 याच चिपवर उभे राहिले.

पुढे कमोडोर या कंपनीनं मॉस विकत घेतली आणि पेडलनं 1977 चा ‘पेट’ हा कॉम्प्युटर घडवला. कीबोर्ड, पडदा, कॅसेट, सगळं एका डब्यात. 1980 मध्ये तो तिथून बाहेर पडला आणि स्वतःची कंपनी काढून ‘सिरियस 1’ आणला. पडदा आणि फ्लॉपीची क्षमता यांत तो आयबीएम पीसीला भारी होता, युरोपात खपलाही चांगला. पण आयबीएमसाठी लिहिलेले बरेच प्रोग्रॅम त्यावर चालत नसत, आणि बाजार तोवर त्याच प्रोग्रॅमांमागे गेला होता.