माणसांत राहूनही एकटेपण

प्रश्न : माझी आई काही काळापासून वृद्धाश्रमात राहते. तिथली व्यवस्था उत्तम आहे, गाण्यांचे आणि खेळांचे कार्यक्रमही होतात; तरीही ‘इथे माझं असं कोणी नाही,’ असे ती दर भेटीत म्हणते. मी सवड मिळेल तेव्हा तिला भेटायला जातो. आणखी काय करावे?

उत्तर : भेटी वाढवण्यापेक्षा त्यांचा वार आणि वेळ ठरवून टाकणे अधिक उपयोगाचे आहे, आणि तो वारही आईंनाच निवडू द्या. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड शुल्झ यांचा एक प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थी वृद्धाश्रमातील वृद्धांना भेटायला जात. भेट कधी होणार हे ज्यांना आधी ठाऊक असे किंवा ज्यांना ते स्वतः ठरवता येई, त्यांची प्रकृती आणि उमेद, अचानक भेट मिळणाऱ्यांपेक्षा चांगली राहिली. मात्र प्रयोग संपून भेटी थांबल्यावर याच लाभार्थींची घसरण झाल्याचे पुढे दिसून आले. तेव्हा दर आठवड्याला जाण्याचे वचन देऊन दोन महिन्यांत ते मोडण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदाच, पण न चुकता गेलेले बरे. ज्या संस्था उत्साहाने स्वयंसेवक आणतात, त्यांनीही हे ध्यानात ठेवायला हवे.

दुसरी गोष्ट कर्तेपणाची. वृद्धाश्रमात सगळे काही आपल्यासाठी केले जाते. आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, ही जाणीव मात्र माणसाला आतून पोखरते. एलेन लँगर आणि जुडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी त्याच वर्षी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहातील प्रयोग मांडला. एका मजल्यावरील रहिवाशांना त्यांचे निर्णय त्यांच्याच हाती असल्याचे सांगून सांभाळण्यासाठी एकेक रोपटे दिले. दुसऱ्या मजल्यावर रोपटी दिली, पण निगा कर्मचाऱ्यांकडे ठेवली. पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक आनंदी आणि हालते-बोलते झाले. आईंना पूर्वी काय येत होते, याची माहिती व्यवस्थापकांना द्या आणि त्यातले एखादे काम त्यांच्याकडे सोपवण्याची विनंती करा. मोठे सोहळे छायाचित्रांत शोभून दिसतात. ओळख वाढते ती बहुधा तीन-चार जणींच्या रोजच्या बैठकीत.

कानही तपासून घ्या. जेवणघराच्या गोंगाटात शेजारणीचे बोलणे ऐकू येत नसेल, तर माणूस हळूहळू बोलणेच सोडतो आणि इतरांना तो तुसडा वाटू लागतो. कानात साठलेला मळ किंवा श्रवणयंत्राची संपलेली बॅटरी इतके साधे कारणही त्यामागे असू शकते.

झोप आणि भूक कमी झाली असेल, आवडीच्या गोष्टींतूनही मन उडाले असेल, तर ते नैराश्य असण्याची शक्यता आहे. त्यावर उपचार आहेत. वयामुळे असे होणारच, असे मानून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.